ज्वारी कर्ता कशी झाली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. इंग्रजी यायला व्याकरण लागत नाही, नाउन-व्हर्बची नावं पोरांकडून घोकून घेणं म्हणजे वेळेची नासाडी, लहान मूल काय व्याकरण शिकून बोलायला लागतं का, असं त्यांचं म्हणणं. मी ते कात्रण कापून गिरणीच्या गल्ल्यात ठेवलं होतं. उत्तर लिहीन लिहीन म्हणता दिवाळी गेली. दिवाळीत भाजणी आणि बेसनापुढे गिरणीवालीला मान वर करायला सवड नसते. आता दळण जरा कमी आहे, म्हणून लिहायला बसले.

माझी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरणी आहे. वय ४७. १९९३ साली नववी पास झाले आणि घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली ती सुटलीच. यंदा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा) भरलाय, मार्चात दहावीला बसणार. भूमितीसुद्धा जमेल असं वाटतं, कारण तिथे आकृती तरी डोळ्यांपुढे असते. धास्ती इंग्रजीची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली सरकारनं ते पहिलीपासून केलं, त्यामुळे माझा मुलगा पहिलीतच ए बी सी डी लिहायला लागला. पण मुलाला दहा वर्षं आणि मला पाच वर्षं शिकून दोघांचं अडलं मात्र एकाच ठिकाणी. वाक्य जुळवताना.

त्या वाचकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. माझे धाकटे दीर टेम्पो चालवतात, विजापूरच्या बाजारात त्यांचं जाणं-येणं. त्यांना कानडी फाडफाड येतं. व्याकरण म्हणजे काय हे त्यांना विचारलं तर हसतील. पण त्यांच्या कानावर रोज कानडी पडतं. हमाल कानडी बोलतो, चहावाला कानडी बोलतो, भाव पाडताना चार शब्द चुकले तर समोरचा लगेच सुधारतो. माझ्या गिरणीवर इंग्रजी बोलायला कोण येतं? मालदांडी ज्वारी घेऊन येणारी माणसं 'जाडसर दळ', 'बारीक काढ', 'मागच्या खेपेला कणी राहिली होती' एवढंच बोलतात, आणि तेही मराठीत. जिथे कानावर भाषा पडत नाही तिथे धरायला काहीतरी मूठ लागते. माझ्यासाठी ही नावं म्हणजे ती मूठ आहे.

दुसरं म्हणजे परीक्षेतला प्रश्नच त्या नावांत विचारलेला असतो. 'चेंज द व्हॉइस', 'ॲड अ क्वेश्चन टॅग', 'रिमूव्ह टू'. व्हॉइस म्हणजे आवाज एवढंच ज्याला माहीत आहे त्यानं कुणाचा आवाज बदलायचा? उत्तर येणं लांब राहिलं, प्रश्नच कळत नाही.

तेव्हा नावं शिकवा, पण ती नीट शिकवा, एवढंच माझं म्हणणं आहे. माझ्यावर काय प्रसंग आला तो सांगते.

तालुक्याला एका क्लासात मी चार महिने रविवारी जात होते. क्लासचं नाव सांगत नाही. बाकी सगळी नववी-दहावीची पोरं, मी एकटी नऊवारीतली. सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर मांडलं. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म. पाठ करा. मला फार बरं वाटलं. कर्ता, कर्म, क्रियापद ही तिन्ही माझ्या ओळखीची. 'करणारा तो कर्ता' हे चौथीतलं अजून तोंडपाठ होतं.

दीड महिन्यानं व्हॉइस आला. सर म्हणाले, काकू, तुमच्या धंद्यातलंच वाक्य घेऊ. 'आय ग्राउंड द जोवार.' आधी या ग्राउंडनंच माझी फजिती केली. ग्राउंड म्हणजे शाळेचं मैदान एवढंच मला ठाऊक. ग्राइंड म्हणजे दळणे आणि त्याचं भूतकाळी रूप ग्राउंड, हे पंचवीस वर्षं गिरणी चालवून मला त्या दिवशी कळलं. (फ्लाउर म्हणजे पीठ आणि त्याचा उच्चार फुलाच्या फ्लॉवरसारखाच, हे त्याच आठवड्यात कळलं. गिरणीवालीनं इंग्रजी शिकूच नये अशी व्यवस्था आहे.) मग सरांनी वाक्य उलटं करून पॅसिव्ह केलं. 'द जोवार वॉज ग्राउंड बाय मी.' आणि विचारलं, यात सब्जेक्ट कोण?

मी म्हटलं, मी.

सर म्हणाले, चूक. जोवार.

आता तुम्हीच सांगा, ज्वारीनं काय केलं? ती गुमान दगडात पडली. दळणारी मी, पट्टा तुटला तर तालुक्याला पळणारी मी, विजेचं बिल भरणारी मी, आणि कर्ता ज्वारी? मी तसं विचारलंही. सर म्हणाले, नियम आहे काकू, पाठ करा. पोरं हसली. मीही हसले, पण घरी येईपर्यंत एसटीत तेच डोक्यात फिरत होतं.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. गव्हाचा डबा स्वतः सायकलवर घेऊन येतात आणि पीठ पडेपर्यंत बाकावर बसतात. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. गुरुजी म्हणाले, अगं, तुझं बरोबर आणि सरांचंही बरोबर, चुकलाय तो मधला 'म्हणजे'. कर्ता म्हणजे क्रिया करणारा. सब्जेक्ट म्हणजे वाक्य ज्याच्याविषयी आहे आणि क्रियापद ज्याचं ऐकतं तो. मराठीत त्याला वेगळा शब्द आहे, उद्देश्य. साध्या वाक्यात दोन्ही मान एकाच माणसाकडे असतात, म्हणून 'सब्जेक्ट म्हणजे कर्ता' खपून जातं. व्हॉइस बदलला की दोघांची फारकत होते. तुझ्या वाक्यात उद्देश्य ज्वारी, करणारी तू.

एवढं सांगायला गुरुजींना पाच किलो गहू दळून होईपर्यंतचा वेळ पुरला. क्लासात ते कुणी का सांगितलं नाही?

मग मला नादच लागला. गिरणी चालू असताना तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवायची. एक दिवस लक्षात आलं ते लिहिते, कारण हे मी कुठे वाचलेलं नाही, माझं मलाच सापडलं. (नंतर गुरुजी म्हणाले हे सगळं जुनंच आहे. असो.) मी ज्वारी दळली. मी हरभरा दळला. मी पीठ चाळलं. तिन्हीत करणारी मी, एक बाई. पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते धान्याकडे बघतं. ज्वारी बाई म्हणून दळली, हरभरा पुरुष म्हणून दळला. आमच्या मालकांनी ज्वारी दळली तरी ती दळलीच. इंग्रजीत असं चालत नाही. तिथलं क्रियापद सब्जेक्टशी एकनिष्ठ. 'वॉज' लावायचं की 'वेअर', ते फक्त सब्जेक्ट ठरवतो. म्हणून मी आता सब्जेक्ट असा शोधते: इज, आर, वॉज, वेअर यातलं जे असेल ते कुणाकडे बघतंय? तोच सब्जेक्ट. करणारा कोण हे विचारायचंच नाही. या युक्तीनं अजून तरी दगा दिलेला नाही.

आता यातली मोठी गोम बघा. माझी पुतणी आठवीला आहे. तिच्या वहीत लिहिलंय, 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग'. 'मी ज्वारी दळली' हा, क्रियापद कर्माकडे बघतं म्हणून, कर्मणी प्रयोगच आहे, पोरीनं तो बरोबर ओळखला. मग वहीतल्या नियमानं इंग्रजी करताना तिनं पॅसिव्ह केलं. 'रामाने आंबा खाल्ला' दिलं की हिचं लगेच 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. वास्तविक ते साधं सरळ 'राम एट द मँगो'. आपलं भूतकाळातलं निम्मं बोलणं कर्मणी असतं. मी चहा घेतला, तिनं साडी धुतली, पोरानं काच फोडली. हे सगळं पॅसिव्हमध्ये नेलं तर इंग्रज बुचकळ्यात पडेल की या घरात कुणी आपणहून काही करतं की नाही.

पॅसिव्हला खरा जोडीदार म्हणजे 'ज्वारी माझ्याकडून दळली गेली'. असं आमच्या गावात कुणी बोलत नाही. आणि 'करण्यात आले' हा त्याचाच भाऊबंद. तो मात्र आपल्या वर्तमानपत्रात रोज भेटतो. उद्घाटन करण्यात आले, निवेदन देण्यात आले, पाणी सोडण्यात आले. कुणी केलं ते नावानिशी कळू नये याची चांगली सोय आहे. रागावू नका. पुतणीला पॅसिव्ह शेवटी मी तुमच्याच पेपरातल्या बातम्यांवरून शिकवला, आणि तिला तो एका संध्याकाळी कळला.

काही नावं चपखल बसतात आणि काही का दगा देतात, हेही गुरुजींनीच सांगितलं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या आपल्या शब्दांच्या आठ जाती. इंग्रजीतही आठच. हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. त्या काळात आपल्या व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर झाली. संस्कृतात यास्क या प्राचीन पंडितांनी चारच जाती सांगितल्यात, नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. म्हणजे शब्दांच्या जातींचा साचा तिकडचा, म्हणून नाउन म्हणजे नाम हे बिनधोक चालतं. पण कर्ता, कर्म, करण, संप्रदान ही मंडळी संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याच्या घरची. त्यांची इंग्रजीशी सोयरीक नाही. ती ओढूनताणून जुळवली की ज्वारीला कर्ता व्हावं लागतं.

हे ऐकून मला इतका आनंद झाला की गुरुजींचं दळण त्या दिवशी फुकट दिलं. आणि माझ्या पुतणीला, मराठीच्या तासाला विशेषण आणि इंग्रजीच्या तासाला ॲडजेक्टिव्ह शिकलेल्या मुलीला, दोन्ही एकच हे आठवीपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं ॲडजेक्टिव्ह ही इंग्रजांची काहीतरी वेगळी वस्तू असेल. बारा टेन्स तिनं कोष्टकासकट पाठ केलेत, पण 'मी आलेच' म्हणताना आपण भूतकाळ वापरून भविष्यकाळ बोलतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

शब्दांच्या जागेचंही तसंच. माझ्या गिरणीत डबे दोन तऱ्हेनं येतात. काहींवर नाव रंगवलेलं किंवा आत चिठ्ठी असते. असा डबा कुठेही ठेवा, कुणाचा ते कळतं. काही डबे बिननावाचे असतात, ते रांगेतल्या जागेवरूनच ओळखायचे. कुणी रांग हलवली की शेवंतावहिनींची बाजरी दुसरीच्या घरी. मराठी ही चिठ्ठीवाली भाषा. 'कुत्रं बाळूला चावलं' म्हणा नाहीतर 'बाळूला कुत्रं चावलं', इंजेक्शन बाळूलाच, कारण 'ला' ही चिठ्ठी त्याला चिकटलेली आहे. इंग्रजीत 'द डॉग बिट बाळू' याची जागा बदलून 'बाळू बिट द डॉग' केलं की इंजेक्शन कुत्र्याला. तिथे चिठ्ठी नाही, रांग आहे. पुढे उभा तो सब्जेक्ट, मग व्हर्ब, मागे ऑब्जेक्ट. चिठ्ठीचे अवशेष फक्त आय-मी, ही-हिम, शी-हर असल्या थोड्या सर्वनामांत उरलेत. 'सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट' हा क्रम मंत्रासारखा घोकून घेतात, पण त्यांना तो इतका का जपावा लागतो आणि आपल्याला का नाही, हे एका वाक्यात सांगितलं तर पोरं तो विसरणार नाहीत.

आणि ही रांग इतकी कडक की पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही. आपण 'जेवलीस का?' म्हणतो, 'तू' लागत नाही. इंग्रजीत 'यू' हवंच. पाऊस पडतोय याचं 'इट इज रेनिंग'. पुतणीनं विचारलं, काकू, हे इट कोण? मी तिला म्हटलं, एसटी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तो हा रुमाल. माणूस नाही, पण जागा धरलेली. हे मात्र गुरुजींनीसुद्धा दाद देऊन ऐकलं.

'मला'नं सुरू होणारी वाक्यं हा आमचा दोघींचा कच्चा भाग. मला दोन भाऊ आहेत. मला भूक लागली. मला हे पटत नाही. पुतणी 'मला' दिसलं की 'मी' लिहायची, म्हणजे इंग्रजीतलं मी, आणि पुढे गाडी रुतायची. मराठीत भूक येऊन आपल्याला लागते, आपण नुसते बसलेलो असतो. इंग्रजीत माणूस उठून पुढच्या जागेवर येतो. आय हॅव टू ब्रदर्स, आय ॲम हंग्री, आय डोन्ट ॲग्री. मी असल्या वाक्यांची यादी पिठाच्या पिशवीच्या कागदावर लिहून भिंतीला लावली आहे. सध्या एकतीस झालीत.

एस लावण्याबद्दल फार लिहीत नाही. बॉईज प्ले आणि बॉय प्लेज. नामाला एस लावला की अनेक, क्रियापदाला लावला की एक. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, तिथे घोकणं हाच उपाय. क्वेश्चन टॅगचंही तसंच. आपलं एका 'ना'वर भागतं. गहू चांगलाय ना, ती आली ना, तुम्ही जाणार ना. त्यांचं प्रत्येक वेळी वेगळं. इझंट इट, डिडन्ट शी, वोन्ट यू. इथे मात्र सब्जेक्ट आणि हेल्पिंग व्हर्ब ओळखता आलं नाही तर माणूस पार बुडतो, आणि 'नावं नकोत' म्हणणाऱ्या वाचकांना मी एवढंच विचारते, नाव न घेता हे मला शिकवून दाखवाल का?

माझी मागणी मोठी नाही. इंग्रजीच्या पुस्तकात सुरुवातीला एक पान द्यावं. त्यावर जुळणारी नावं मराठी-इंग्रजी शेजारीशेजारी असावीत, म्हणजे विशेषण आणि ॲडजेक्टिव्ह एकमेकांना भेटतील. आणि त्याच्या पाठीमागच्या पानावर न जुळणारी: सब्जेक्ट आणि कर्ता, पॅसिव्ह आणि कर्मणी, टेबलाच्या मागे चिकटणारा 'वर' आणि टेबलाच्या पुढे सुटा उभा राहणारा 'ऑन', आणि 'अ', 'ॲन', 'द', ज्यांना मराठीत जोडीदारच नाही. मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाईंनी वर्षातून एक तास एकत्र घेतला तरी पुष्कळ होईल. तोवर आपण रविवारी एक छोटी चौकट सुरू केलीत तर वाक्यं मी पुरवीन. माझ्याकडे एकतीस आहेतच.

पत्र लांबलं. कापायचं झालं तर एसचा भाग कापा, रुमालाचा कापू नका.

कळावे,
एक गिरणीवाली, ता. मंगळवेढा

ता. क. माझं नाव छापू नये. मी दहावीला बसतेय हे गिऱ्हाइकांना अजून माहीत नाही. पुस्तक ज्वारीच्या रिकाम्या डब्यात असतं. निकालानंतर हवं तर बातमी द्या. पास झाले तर 'गिरणीवाली दहावी पास झाली' असं छापा. नापास झाले तर 'नापास करण्यात आले'.